सासुरवाडीचा मुकुट

१३ सप्टेंबर १२१० रोजी ज्याँ द ब्रिएन भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आक्रच्या बंदरात उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याचं लग्न लागलं आणि तीन आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, टायर शहरात त्याच्या डोक्यावर जेरुसलेमच्या राजाचा मुकुट आला. नवरी मारिया जेमतेम अठराची. आईवडील दोघंही गेलेले आणि राज्याची थोरली वारस तीच. नवरदेव तिच्याहून दुपटीने मोठा, फ्रान्सच्या शाँपेन प्रांतातल्या एका मधल्या फळीच्या घराण्यातला धाकटा भाऊ. घरची गादी थोरल्याच्या मुलाची होती. ज्याँ त्या पोराचा पालक म्हणून कारभार पाहत होता, एवढंच.

या तीन तारखांचा क्रम बदलता आला नसता. आपल्याकडे 'आधी लगीन कोंढाण्याचं' म्हणतात, पण इथे कोंढाणा मिळायचा तो लग्नातूनच. राज्याचा हक्क मारियाचा होता आणि ज्याँ राजा झाला तो तिचा नवरा म्हणून. ब्रिएन घराण्याची दीडशे वर्षांची चढती कमान या एका गोष्टीवर उभी आहे आणि ती पुन्हा पुन्हा ढासळली तीही इथेच.

ब्रिएन गाव आजही आहे, त्र्वा शहराच्या ईशान्येला, ओब नदीच्या खोऱ्यात. नेपोलियन लहानपणी इथल्याच लष्करी शाळेत शिकला, त्यामुळे आज गावाची ओळख त्याच्या नावाने होते. मध्ययुगात इथले काउंट शाँपेनच्या काउंटचे मांडलिक होते. त्र्वा, प्रोव्हँ, लान्यी आणि बार-सुर-ओब इथे आळीपाळीने भरणाऱ्या जत्रांमधून युरोपभरचा कापडाचा आणि मसाल्यांचा व्यापार फिरायचा, पण त्याची मलई शाँपेनच्या काउंटकडे जायची. ब्रिएनकडे शेती, थोडं जंगल आणि जुनं नाव. एवढ्या उत्पन्नात धाकट्या मुलांची सोय लागत नसे.

क्रूसेडमुळे, म्हणजे जेरुसलेमसाठी लढलेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांमुळे, ती सोय लागली असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मोहिमेवर निघणं हा आधी खर्चाचा मामला होता. घोडे, चिलखत, बरोबरची माणसं, जहाजाचं भाडं, हे सगळं उभं करायला जमीन गहाण टाकावी लागे. क्रूसेडरच्या मालमत्तेला चर्चचं संरक्षण मिळे, कर्जावरच्या व्याजात सवलत मिळे, पण मुद्दल फेडायचंच असे. शिवाय माणसं मरत. आक्रच्या वेढ्यात १८ महिन्यांच्या आत या घराने दोन भाऊ गमावले: आंद्रे ४ ऑक्टोबर ११८९ च्या लढाईत पडला आणि काउंट एरार दुसरा, ज्याँचा बाप, ११९१ मध्ये गेला.

मग मिळालं काय? मिळाली ती पत. आक्रला मेलेल्याच्या मुलाला पोप, फ्रान्सचा राजा आणि पूर्वेकडचे सरदार ओळखत असत. आणि ज्या मृत्यूंनी ब्रिएनचं घर रिकामं होत होतं, त्याच मृत्यूंनी पूर्वेकडची घरंही रिकामी होत होती. तिथे मुलगा नसेल तर मुलगी वारस होई. पण जहागिरीवर लष्करी चाकरीचं बंधन असे, म्हणून वारस बाईला नवरा हवाच. जेरुसलेमच्या कायद्यात याची रीतसर तरतूद होती. धनी त्या बाईपुढे तिच्या दर्जाची तीन माणसं ठेवी आणि तिने त्यांतला एक निवडायचा. साठी उलटली तरच सुटका. माझ्या मते क्रूसेडच्या इतिहासातलं सर्वांत निर्णायक कलम हेच आहे. किल्ले आणि लढाया यांच्यावर ढीगभर लिहिलं जातं, पण राज्यं हातोहात फिरली ती या कलमाने.

घराण्यात हा मार्ग पहिल्यांदा धरला तो ज्याँचा थोरला भाऊ गोतिए तिसरा याने. नोव्हेंबर ११९९ मध्ये एक्री इथल्या शस्त्रखेळांत शाँपेनच्या काउंटबरोबर त्यानेही क्रूसेडची शपथ घेतली होती. त्याच सुमाराला सिसिलीचा दिवंगत राजा तांक्रेद याची विधवा आणि मुली जर्मन कैदेतून सुटून फ्रान्समध्ये आल्या. थोरली एल्विरा. गोतिएने तिच्याशी लग्न केलं आणि दक्षिण इटलीतल्या लेच्चे व तारांतो या मुलखांवर तिच्या वतीने दावा सांगितला. पोप इनोसंट तिसरा याला जर्मन सरदारांच्या विरोधात माणूस हवाच होता. त्याने पाठिंबा दिला, पण आधी शपथ घेतली, की सिसिलीचा बाल राजा फ्रेडरिक याच्या सिंहासनाला हात लावणार नाही. गोतिएने ब्रिएन गहाण टाकून फौज उभी केली. १२०१ मध्ये कापुआजवळ आणि मग कान्नी इथे त्याने मोठ्या फौजांना हरवलं. १२०५ च्या जूनमध्ये सार्नोला पहाटे बेसावध छावणीवर छापा पडला आणि जखमी कैदी म्हणून तो मेला. क्रूसेडची शपथ तशीच राहिली. त्याच्या मागे जन्मलेल्या मुलाचं नावही गोतिए. ज्याँ पालक होता तो याच पुतण्याचा. इटलीतला दावा विरला नाही, तो पोराच्या रक्तात राहिला, आणि पुढे काकाला महागात पडला.

१२०८ मध्ये जेरुसलेमचे दूत फ्रान्सला आले. मारियासाठी नवरा हवा होता. फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याने ज्याँला निवडलं. त्याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. मारियाचा सावत्र बाप आणि राज्याचा आधीचा शास्ता आंरी हा शाँपेनचाच काउंट होता, त्यामुळे आक्रमध्ये शाँपेनची माणसं भरलेली होती. ज्याँच्या आईकडच्या नात्यातला गोतिए द माँबेलियार तेव्हा सायप्रसचा कारभार पाहत होता. आणि ज्याँला स्वतःची मोठी जहागीर नव्हती, म्हणजे तो तिथेच राहील याची खात्री. मोठ्या राजपुत्राने हे राज्य घेतलंच नसतं. जेरुसलेम शहर ११८७ पासून हातातून गेलेलं, उरली होती ती किनाऱ्याची चिंचोळी पट्टी. फिलिपने ४०,००० लिव्हर दिले, पोपने तेवढेच, आणि सुमारे ३०० सरदार घेऊन हा नवरदेव निघाला.

दोनच वर्षांनी मारिया बाळंतपणात गेली. मुलगी जगली, इझाबेल. त्या दिवसापासून ज्याँच्या मुकुटाचा अर्थ बदलला. आता राणी ती तान्ही मुलगी होती आणि बाप तिच्या वतीने राज्य करत होता. काही सरदारांनी हे उघड बोलूनही दाखवलं. ज्याँने पुढच्याच लग्नात आर्मेनियाच्या राजाची मुलगी स्तेफानी केली, म्हणजे दुसऱ्या एका गादीवरही हक्क निर्माण झाला. स्तेफानी आणि तिचा लहानगा मुलगा १२२० मध्ये गेले आणि तो हक्कही संपला. चुलतभाऊ एरार द रामरुप्त याने तर हाच प्रयोग आपल्या धन्यावर केला. मारियाची सावत्र बहीण फिलिपा, म्हणजे आंरीची मुलगी, हिच्याशी आक्रमध्ये लग्न करून तो तिच्या नावाने शाँपेनच मागायला परतला. काही वर्षं लढाई चालली. फिलिपाच्या आईचा पहिला नवरा जिवंत असताना आंरीशी लग्न झालं, म्हणून फिलिपा औरस कशी, असा मुद्दा विरोधकांनी काढला. शेवटी एरारने रोख रक्कम आणि वार्षिक उत्पन्न घेऊन दावा सोडला.

पाचव्या क्रूसेडमध्ये ज्याँ इजिप्तला लढला. नोव्हेंबर १२१९ मध्ये दामिएत्ता पडलं, आणि १२२१ च्या उन्हाळ्यात फौजेने तिथून मन्सूराकडे कूच केलं. चूक महिन्याची होती. ऑगस्टमध्ये नाईल फुगायची. फौज दोन प्रवाहांच्या बेचक्यात अडकली, इजिप्तची जहाजं कालव्यातून मागच्या बाजूला आली आणि रसद तुटली, मग बांध फोडून पाणी सोडण्यात आलं. ज्याँने या कूचाला विरोध केला होता. तहानंतर सुलतान अल-कामिलकडे ओलीस राहायला मात्र तोच गेला. तिथे बसून तो रडू लागला, सुलतानाने कारण विचारलं, तेव्हा माझी माणसं उपाशी आहेत असं तो म्हणाला, आणि सुलतानाने छावणीला भाकरी पाठवल्या, अशी हकीकत जुन्या बखरीत आहे.

आता इझाबेलचं लग्न. १२२३ मध्ये फेरेंतिनोच्या बैठकीत ठरलं की तिला पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा याला द्यायची. तोच फ्रेडरिक, ज्याच्या सिंहासनाला हात न लावण्याची शपथ थोरल्या भावाने घेतली होती. ज्याँला वाटलं, जावई बलाढ्य आहे, जेरुसलेम परत मिळेल आणि आपण हयातभर राजा राहू. तसा तोंडी शब्दही त्याला मिळाला होता. लेखी काही नव्हतं. जन्मभर हक्कांच्या कागदांवर जगलेल्या माणसाने इथेच कागद मागितला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ९ नोव्हेंबर १२२५ ला ब्रिंदिसीत लग्न लागलं. सम्राट सासऱ्याला न सांगता नवरीला घेऊन पुढच्या मुक्कामी निघून गेला. ज्याँने मागून गाठल्यावर त्याला सांगण्यात आलं की राणीचा नवरा तो राजा, तेव्हा आता तू राजा नाहीस. पूर्वेकडून नवरीबरोबर आलेल्या सरदारांनी फ्रेडरिकपुढे गुडघे टेकले. पुतण्या गोतिएचा सिसिलीवरचा दावाही सम्राटाच्या मनात सलत होताच.

कायद्याने फ्रेडरिकचं बरोबर होतं. ज्या दाराने ज्याँ आत आला होता, त्याच दाराने त्याला बाहेर काढण्यात आलं. एप्रिल-मे १२२८ मध्ये इझाबेल पंधराव्या वर्षी मुलाला जन्म देऊन मेली आणि फ्रेडरिकही त्याच घडीला राजाचा पालक होऊन बसला. तिथल्या सरदारांनी त्याला हे ऐकवायला कमी केलं नाही. आई विशीत आणि मुलगी पंधरा वर्षांची, दोघीही बाळंतपणात. या राज्याचा मुकुट कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर गेला ते आपण घोकतो, पण त्याची किंमत या दोघींनी मोजली.

ज्याँने सम्राटाविरुद्ध पोपच्या फौजेची सेनापतिकी केली. तोवर तिसरं लग्न झालं होतं. १२२४ मध्ये सांतियागोच्या यात्रेला गेला असताना लेओनच्या राजाची मुलगी बेरेंगेला त्याला दिली गेली. ती फ्रान्सच्या राणी ब्लाँशची भाची. या नात्याचा उपयोग पुढच्या पिढीला झाला.

१२२८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या क्रूसेडरांनी बसवलेला, सम्राट वारला. वारस बोदुएँ अकरा वर्षांचा. तिथल्या सरदारांना अनुभवी सेनापती हवा होता. या वेळी ज्याँने सगळं लिहून घेतलं. एप्रिल १२२९ च्या पेरुजातल्या करारानुसार तो पालक म्हणून येणार नव्हता, हयातभराचा सम्राट म्हणून येणार होता. बोदुएँचं लग्न ज्याँच्या चार-पाच वर्षांच्या मुलीशी, मारीशी, व्हायचं. बोदुएँ वीस वर्षांचा झाला की आशियातले प्रदेश त्याला द्यायचे, अर्थात ते आधी जिंकायचे होते. ज्याँनंतर तो सम्राट, आणि ज्याँच्या वारसांनाही जमिनीचा वाटा. ब्रिंदिसीचा धडा या कराराच्या कलमाकलमांत दिसतो. १२३१ मध्ये तो व्हेनिसच्या जहाजांतून पोहोचला, आया सोफियात त्याला मुकुट घातला गेला, आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसाने १२३५ मध्ये मूठभर सरदारांच्या बळावर बल्गेरिया आणि निकियाचं ग्रीक राज्य यांचा वेढा परतवला. १२३७ मध्ये तो फ्रान्सिस्कन भिक्षूच्या वेशात मेला.

सम्राज्ञी मारीच्या वाट्याला आलेलं साम्राज्य किती पोकळ होतं ते फ्रान्सचा राजा लुई नववा याचा सरदार आणि चरित्रकार ज्वाँव्हिल याच्या आठवणीतून कळतं. लुई नववा क्रूसेडसाठी सायप्रसला थांबला असताना ती मदत मागायला आली. पाफोसला तिच्या जहाजाचे नांगर तुटले आणि जहाज वाऱ्याने थेट आक्रला वाहून गेलं. सम्राज्ञीजवळ अंगावरचा झगा आणि वरचं आवरण एवढंच उरलं. ज्वाँव्हिलने तिला पोशाखासाठी कापड, अस्तराचं रेशीम आणि खारीच्या कातड्याची फर पाठवली. ते घेऊन जाणारा माणूस राजाच्या एका सरदाराला वाटेत दिसला, आणि हे आपल्याला आधी सुचलं नाही याची राजाच्या गोटाला लाज वाटली.

मारीच्या तिन्ही भावांना धाकटेपणीच फ्रान्सच्या दरबारी पाठवलं होतं. लुई नववा त्यांच्या आईचा मावसभाऊ. आल्फोंसला लग्नातून अ‍ॅ (Eu) या परगण्याचं काउंटपद मिळालं, लुईला बोमाँ, आणि बापाच्याच नावाच्या ज्याँने स्कॉटलंडच्या राजाच्या विधवेशी, मारी द कुसीशी, लग्न केलं. तलवारीने इंचभर जमीन न मिळवता तिघंही मार्गी लागले. पूर्वेकडच्या सगळ्या मुकुटांपेक्षा हा हिशेब जास्त टिकला.

पुतण्या गोतिए चौथा मात्र पूर्वेलाच राहिला. काकाने त्याला जाफा दिलं, सायप्रसच्या राजघराण्यातली मारी बायको म्हणून मिळाली. जाफा ही सरहद्द. तो मुसलमान व्यापाऱ्यांचे तांडे लुटी आणि लूट आपल्या माणसांत वाटून टाकी. १७ ऑक्टोबर १२४४ ला गाझाजवळ ला फोर्बीच्या रणात तो इजिप्तच्या सुलतानाच्या बाजूने लढणाऱ्या ख्वारिझमी फौजेच्या हाती लागला. त्यांनी त्याला जाफाच्या तटासमोर आणून हातांनी खांबाला टांगलं आणि किल्ला सोपवायला सांगितलं. माझे कितीही हाल झाले तरी किल्ला देऊ नका, असं तो आतल्यांना ओरडून सांगत राहिला. पुढे कैरोच्या तुरुंगात, ज्यांचे तांडे लुटले होते त्या व्यापाऱ्यांनी सुलतानाच्या परवानगीने त्याला मारलं.

काही वर्षांनी त्याची हाडं आक्रला आली. चुलत नात्यातल्या सिदोनच्या बाईसाहेबांनी ती हॉस्पिटल नावाच्या सरदार-भिक्षूंच्या संघाच्या चर्चमध्ये पुरली आणि सगळा खर्च स्वतः केला. रीत अशी ठरवली की प्रत्येक सरदाराने एक मेणबत्ती आणि चांदीचं एक नाणं वाहायचं. राजा लुईने मेणबत्ती आणि सोन्याचं नाणं वाहिलं, तेही बाईसाहेबांनी दिलेलं. राजा नेहमी स्वतःच्याच पैशाने दान वाहत असे, म्हणून लोकांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. त्याने हे केलं ते सौजन्य म्हणून.

गोतिएचा मुलगा युग याने १२६४ मध्ये आईच्या बाजूने जेरुसलेमच्या कारभारावर हक्क सांगितला. तो थोरल्या बहिणीचा मुलगा, पण वयाने धाकटा. प्रतिस्पर्धी धाकट्या बहिणीचा, पण वयाने मोठा. कोर्टाने वय पाहिलं आणि युग हरला. मग तो दक्षिण इटली जिंकलेल्या आंजूच्या शार्लच्या पदरी गेला, आजीचं लेच्चे परत मिळवलं आणि १२७७ मध्ये अथेन्सच्या फ्रेंच ड्यूकची बहीण इझाबेला द ला रोश करून घेतली.

तिचा मुलगा गोतिए पाचवा १३०८ मध्ये मामेभाऊ निपुत्रिक वारल्यावर अथेन्सचा वारस ठरला. अथेन्स तेव्हा श्रीमंत होतं, पण त्याचे विरोधक शेजारीच, उत्तरेला थेसलीत होते. त्यांना वठणीवर आणायला त्याने १३१० मध्ये कॅटलन, म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनियाची, भाडोत्री फौज सहा महिन्यांच्या करारावर घेतली. दर असा: जड चिलखताच्या स्वाराला महिन्याला चार औंस सोनं, हलक्या स्वाराला दोन, पायदळाला एक. फौजेने तीसहून जास्त किल्ले घेतले. गोतिएने दोन महिन्यांचा पगार दिला आणि चार महिन्यांचा थकवला. वर २०० स्वार आणि ३०० पायदळ निवडून आपल्याकडे ठेवलं आणि बाकीच्यांना मुलूख सोडून जायला फर्मावलं.

जायला त्यांना जागाच नव्हती. मागे बायझंटाईन शत्रू, समोर हा. त्यांनी लढायला दलदलीची जागा निवडली, वरून हिरवीगार कुरणासारखी दिसणारी. १० मार्च १३११ ला गोतिएने मृत्युपत्र केलं आणि १५ मार्चला तो सरदारांच्या पुढे स्वतः घोडा फेकत त्या हिरव्यावर उतरला. चिलखती घोडे पोटापर्यंत रुतले. निवडून ठेवलेले ते पाचशे लढाई सुरू होण्याआधीच आपल्या जुन्या सोबत्यांकडे परतले होते. गोतिए पडला, त्याच्याबरोबर फ्रेंच अथेन्सची जवळजवळ सगळी सरदारकी पडली. चार महिन्यांचा पगार त्याला परवडला असता. पिढ्यानपिढ्या दाव्यांवर जगलेल्या घराला रोख देण्याची सवयच उरली नव्हती, असं मला वाटतं.

आणि मग कॅटलनांनी मेलेल्या सरदारांच्या विधवांशी लग्नं लावून घेतली, ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे. काहींना इतक्या थोर घरच्या बायका मिळाल्या की एरवी त्या बायकांना हात धुवायला पाणी देण्याचीही या शिपायांची लायकी नव्हती, असं त्यांच्याच बखरकाराने लिहिलं आहे. मुलूख त्या लग्नांबरोबर त्यांचा झाला.

गोतिएची विधवा मुलांना घेऊन निसटली. मुलगा गोतिए सहावा १३३१ मध्ये अथेन्स घ्यायला गेला आणि रिकाम्या हातांनी आला. १३४२ मध्ये फ्लोरेन्सने त्याला सत्ता दिली आणि वर्षाच्या आत हाकलून दिलं. बापाचं शिर त्याने लेच्चेला आणून पुरलं. १९ सप्टेंबर १३५६ ला, फ्रान्सचा कॉन्स्टेबल, म्हणजे सरसेनापती, म्हणून तो प्वातिएच्या रणात पडला. मूल मागे राहिलं नाही.

ब्रिएन, लेच्चे आणि अथेन्सची पदवी त्याची बहीण इझाबेलाकडे आणि तिच्यामार्फत तिच्या नवऱ्याच्या आंगिएँ घराण्यात गेली. लेच्चे तिच्या नातीकडे, मारीकडे आलं. मारीचा नवरा १४०६ मध्ये वारला तेव्हा नेपल्सचा राजा लादिस्लाव तारांतोला वेढा घालायला आला. मारीने शहर लढवलं. १४०७ मध्ये वेढा उठला तो तिने राजाशी लग्न केल्यावर, आणि एल्विराने जो दावा ब्रिएनच्या घरात आणला होता, तो घेऊन ती नेपल्सला राणी म्हणून गेली.